नारळ उभा राहतो तेव्हा

विहीर किंवा बोअर घेण्याचे ठरले की महाराष्ट्रातील अनेक शेतकरी कुटुंबे आजही आधी जमिनीखालचे पाणी शोधून देणाऱ्या पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ आडवा ठेवतो, शेंडी बोटांच्या दिशेला करतो आणि शेतातून सावकाश चालू लागतो. एखाद्या जागी आल्यावर नारळ डळमळतो, डुलतो आणि पाहता पाहता तळहातावर उभा राहतो. कोणाच्या हाती नारळाऐवजी इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची ओली फांदी असते, कोणाच्या हाती काटकोनात वाकवलेल्या तांब्याच्या दोन सळ्या असतात. जागेवर चुन्याची खूण पडते, पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी यंत्राची गाडी येते. आपण स्वतः काहीही केले नाही, असे पाणाड्या शपथेवर सांगतो आणि माझ्या मते बहुतेक वेळा तो खरेच बोलत असतो. नारळ उभा राहिला हे खरे, हातचलाखी झाली नाही हेही खरे, आणि त्याला उभे करणारे बळ पाणाड्याच्याच मनगटातून आले हेही तितकेच खरे. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे समजून घेण्यासाठी शेतात जाण्याची गरज नाही. एक अंगठी आणि हातभर दोरा पुरतो.

अंगठी सुमारे ३० सेंटीमीटर लांबीच्या दोऱ्याला बांधावी. कागदावर एक रेघ आखून, कोपर टेबलावर टेकवून, दोरा चिमटीत धरावा आणि अंगठी रेघेच्या मधोमध टांगती ठेवावी. हात अगदी स्थिर ठेवायचा, पण मनात मात्र अंगठी रेघेवरून पुढे-मागे जात आहे असे चित्र आणायचे. बहुतेकांची अंगठी मिनिटभरात रेघेवरून झुलू लागते. मग मनात वर्तुळ आणावे. थोड्या वेळाने अंगठी गोल फिरू लागते. पाहणाऱ्याला बोटे स्थिर दिसतात, धरणाऱ्यालाही ती स्थिरच वाटतात. एवढ्या दोऱ्याचा लंबक एक झोका साधारण १.१ सेकंदात पूर्ण करतो. त्याच लयीत बोटे अगदी किंचित, डोळ्यांना न दिसण्याइतकी हलली तरी प्रत्येक धक्का आधीच्या धक्क्यात मिसळत जातो. झोपाळ्यावरच्या मुलाला दर खेपेस बोटाने हलकेच ढकलले तरी काही वेळाने झोका उंच जातो, तसेच हे आहे.

हा खेळ गांभीर्याने तपासणारा पहिला नामवंत शास्त्रज्ञ म्हणजे मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. चरबी आणि साबण यांच्या रसायनावरील त्याचे काम प्रसिद्ध आहे आणि आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचेही नाव आहे. त्याच्या काळी काही जण दोरीला टांगलेला लंबक धातूवर धरून, तो आपोआप हलतो म्हणून त्यात एखादी अज्ञात शक्ती असल्याचे सांगत. शेव्हरलने पाऱ्यावर लंबक धरला तेव्हा तो हलला. मध्ये काच सरकवली तेव्हा तो मंदावला. येथे थांबला असता तर त्याने एक नवीन शक्ती शोधल्याची घोषणा केली असती आणि तिला काच अडवते असा नियमही मांडला असता. पण त्याने आणखी दोन गोष्टी केल्या. हाताला लाकडी आधार दिला आणि तो बोटांच्या जितका जवळ आणला तितका झोका लहान होत गेला. नंतर त्याने डोळे बांधून घेतले आणि काच कधी घातली, कधी काढली हे दुसऱ्याच्या हाती सोपवले. तेव्हा काचेचा प्रभाव नाहीसा झाला. हे निरीक्षण त्याने १८३३ साली आँपेअर या शास्त्रज्ञाला लिहिलेल्या खुल्या पत्रातून प्रसिद्ध केले. लंबकाची हालचाल होणार ही अपेक्षा आणि ती पाहणारी नजर यांतूनच हाताला हालचाल मिळते, असा त्याचा निष्कर्ष होता. स्वतःच्याच हाताने आपल्याला कसे फसवले हे इतक्या निर्विकारपणे लिहून ठेवणारी माणसे विज्ञानातही थोडीच असतात.

या प्रकाराला नाव मिळाले १८५२ साली. विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने एका व्याख्यानात त्याला ‘आयडिओमोटर’ म्हटले. आपण त्याला कल्पनाप्रेरित हालचाल म्हणू. एखाद्या हालचालीची कल्पना करणे आणि ती हालचाल करणे या दोन गोष्टी मेंदूत पूर्णपणे वेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. कल्पनेबरोबर स्नायूंची थोडी तयारी होते आणि त्या तयारीचा काही अंश बाहेर झिरपतो. कुस्ती पाहणारा प्रेक्षक खांदे झुकवतो, कॅरमची सोंगटी भोकाच्या कडेवर थांबली की खेळणारा मान वाकडी करतो, शिकाऊ चालकाशेजारी बसलेला माणूस नसलेला ब्रेक पायाने दाबतो. फरक इतकाच की तेथे आपल्याला आपले हलणे निदान नंतर तरी उमगते.

कार्पेंटरच्या व्याख्यानानंतर वर्षभरातच इंग्लंडमध्ये टेबल फिरवण्याचे वेड शिगेला पोहोचले. चार-पाच माणसे टेबलावर हात ठेवून बसत आणि थोड्या वेळाने टेबल सरकू लागे. कोणी ते मृतात्म्यांचे काम म्हणे, कोणी विजेचे. विजेचे नाव निघाल्यामुळे लोकांनी विजेवरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या मायकल फॅरडेला गाठले. फॅरडेने १८५३ साली प्रामाणिक आणि टेबल सहज फिरवू शकणारी माणसेच मुद्दाम निवडली. त्याने पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक, मऊ चिकट पदार्थाच्या गोळ्यांनी जोडून, टेबल आणि हात यांच्यामध्ये ठेवले. टेबल स्वतः फिरत असेल तर खालचा तुकडा आधी सरकायला हवा आणि हात मागे राहायला हवेत. हात ढकलत असतील तर वरचा तुकडा पुढे जायला हवा. प्रत्येक वेळी वरचाच तुकडा पुढे गेलेला आढळला. मग त्याने एक हलका काटा बसवला, जो हातांचा तिरका दाब लगेच दाखवी. काटा झाकून ठेवला की टेबल फिरे, आणि बसणाऱ्यांना काटा दिसू लागला की टेबल जागचे हलत नसे. कोणाला खोटे पाडण्याची वेळच आली नाही. आपण ढकलत आहोत हे माणसांना दिसले आणि ढकलणे थांबले, इतकेच घडले.

आपल्याच हाताचे ढकलणे आपल्याला का कळू नये? याचे उत्तर गुदगुल्यांत सापडते. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, कारण हात हलवण्याचा आदेश देतानाच मेंदू त्या हालचालीतून कोणता स्पर्श जाणवेल याचा अंदाज बांधतो आणि अपेक्षित स्पर्शाचा आवाज जणू कमी करतो. बाहेरून आलेला स्पर्श अनपेक्षित असतो, म्हणून तो पूर्ण तीव्रतेने जाणवतो. लंडनमधील संशोधकांनी २००३ साली दोन माणसांना एकमेकांच्या बोटावर आळीपाळीने दाब द्यायला सांगितले. अट एवढीच की जेवढा दाब मिळाला तेवढाच परत द्यायचा. दोघेही इमानदारीने वागले, तरी दाब प्रत्येक फेरीत वाढतच गेला, कारण दिलेला दाब प्रत्येकाला मिळालेल्या दाबापेक्षा कमी वाटत होता. ‘त्यानेच मला आधी जोरात मारले’ हे शाळकरी मुलांचे भांडण यापेक्षा फारसे वेगळे नसावे. सूक्ष्म, सावकाश आणि ‘मी हे करणार’ असा स्पष्ट निश्चय न करता झालेल्या हालचालीत तर मालकीची जाणीव आणखीच पुसट होते. मग मन कारण बाहेर शोधू लागते, आणि बाहेर कोणते कारण सापडायचे हे आपल्या संस्कृतीने आधीच ठरवून ठेवलेले असते. शेतात ते पाणी असते, अंधाऱ्या खोलीत आत्मा असतो.

अंधाऱ्या खोलीचा अनुभव वसतिगृहात राहिलेल्या अनेक मराठी माणसांना असेल. कागदावर अक्षरे आणि ‘हो’, ‘नाही’ लिहायचे, मध्ये वाटी किंवा नाणे पालथे घालायचे, प्रत्येकाने त्यावर एक बोट ठेवायचे आणि प्लँचेट सुरू करायचे. वाटी सरकते आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलल्याचा आरोप करतो. प्रत्येकाला दुसऱ्याचा दाब पूर्ण जाणवतो, स्वतःचा मात्र नाही, हे वरच्या बोटांच्या प्रयोगानंतर वेगळे समजावण्याची गरज उरत नाही. डेन्मार्कमधील संशोधकांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे प्लँचेटप्रेमींच्या मेळाव्यात जोडीने खेळणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला. एकेकट्याची नजर पुढच्या अक्षरावर आधी पोहोचण्याचे प्रमाण, मुद्दाम शब्द लिहिताना असते त्यापेक्षा, बरेच कमी होते. पण जोडी म्हणून पाहिले तर दोघांपैकी एकाची तरी नजर तेथे आधीच गेलेली असे. पहिले अक्षर जवळजवळ कोणाचेच नसते. एकदा ‘क’ आणि ‘म’ पडले की ‘कमल’ किंवा ‘कमलाकर’ पूर्ण करण्याचे काम मात्र भाषा जाणणारे कोणतेही डोके स्वतःहून करते. सर्वांचे डोळे बांधून कागद गुपचूप उलटा फिरवला, तर वाटी ‘हो’ जेथे पूर्वी होते त्या रिकाम्या जागेकडे निघते. आत्म्याला डोळे नसतात म्हणतात. मग त्याला आपल्याच डोळ्यांची इतकी गरज का पडावी?

कोकणात शिमग्याच्या दिवसांत काही गावांत ‘शेरणे’ काढतात. जमिनीत नारळ पुरून ठेवलेला असतो आणि खांद्यावरची पालखी तो शोधते. पालखी एकदम ओढ घेते, फिरते, मागे येते आणि एका जागी खाली झुकते. ज्यांनी खांदा दिला आहे त्यांना विचारावे. ओढ त्यांना खरोखर जाणवते, आणि तिला खोटे म्हणणे हा त्यांच्या अनुभवाचा अपमान होईल. अनेक खांद्यांवरचे जड ओझे हे मोठ्या आकाराच्या प्लँचेटसारखेच असते, असे मात्र मला वाटते. प्रत्येक जण आपल्या छोट्या कलाचा भार त्यात घालतो आणि एकत्रित ओढ प्रत्येकाला परकी वाटते. शिवाय नारळ कोठे पुरला आहे हे ठाऊक असलेला निदान एक माणूस गावात असतोच. त्याने काही सांगण्याची गरज नसते. त्याचा श्वास, त्याची नजर, गर्दीचा वाढणारा गलका एवढेही पुरू शकते, असे म्हणायला एका घोड्याचा आधार आहे.

या घोड्याचे नाव हान्स. बर्लिनमधील फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाने त्याला काही वर्षे अंकगणित शिकवले होते आणि हान्स खुराने जमिनीवर ठोके देऊन बेरजा, अपूर्णांक, तारखा अचूक सांगत असे. फॉन ओस्टेन पैसे घेत नसे. १९०४ साली तज्ज्ञांच्या एका समितीने पाहणी केली आणि येथे कोणतीही चलाखी नसल्याचा निर्वाळा दिला. मानसशास्त्राचा अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट याने त्यानंतर साधा बदल केला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था त्याने केली आणि हान्सचे गणित कोसळले. विचारणारा हान्सला दिसेनासा केला, तेव्हाही तेच झाले. प्रश्न विचारल्यावर माणूस खुराकडे पाहण्यासाठी किंचित वाकतो, योग्य संख्येवर ठोका पडला की त्याचा ताण सुटतो आणि डोके केसभर वर जाते, हे घोडा टिपत होता. समितीने लबाडी शोधली, पण लबाडी नव्हतीच. तिने चुकीची गोष्ट शोधली. मला मात्र फुंग्स्टच्या अहवालातील पुढची बाब अधिक महत्त्वाची वाटते. संकेत कोणता हे कळल्यानंतरही तो द्यायचा नाही असे त्याने ठरवले, तरी त्याला तो पूर्णपणे थांबवता आला नाही.

हे सारे गमतीचे वाटत असेल तर त्याची किंमत मोजलेली दोन उदाहरणे पाहावीत. १९८० आणि १९९० च्या दशकांत ऑस्ट्रेलिया आणि नंतर अमेरिकेत, बोलू न शकणाऱ्या स्वमग्न मुलांसाठी ‘सहाय्यित संवाद’ नावाची पद्धत पसरली. साहाय्यक मुलाचा हात किंवा मनगट धरी आणि मूल टंकफलकावर बोट ठेवून वाक्ये लिही. आयुष्यात एक शब्द न बोललेले मूल आईवर प्रेम असल्याचे लिहू लागले, तेव्हा आईवडिलांना काय वाटले असेल, याची कल्पना कोणीही करू शकेल. न्यूयॉर्क राज्यातील एका केंद्रात १२ जणांची आणि त्यांच्या ९ साहाय्यकांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येकाला आणि त्याच्या साहाय्यकाला कधी एकच चित्र दाखवले, कधी वेगवेगळी चित्रे दाखवली, आणि दुसऱ्याचे चित्र कोणाला दिसत नव्हते. चित्रे वेगळी असताना त्या व्यक्तीने पाहिलेल्या वस्तूचे नाव एकदाही उमटले नाही. साहाय्यकाने पाहिलेल्या वस्तूचे मात्र उमटत राहिले. लिहिणारे हात साहाय्यकांचेच होते आणि त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता. या पद्धतीने लिहिलेल्या मजकुरावरून काही पालकांवर लैंगिक अत्याचाराचे आरोपही झाले होते.

दुसरे उदाहरण इराकमधील आहे. तेथील तपासणी नाक्यांवर सैनिकांच्या हाती ‘एडीई ६५१’ नावाची उपकरणे होती. मुठीवर सैलसर फिरणारी एक अँटेना, आत चालणारा एकही भाग नाही. स्फोटके असलेल्या गाडीकडे अँटेना वळते, असा दावा होता, आणि ती वळतही असे, कारण मनगट किंचित कलले की आडवी दांडी उताराकडे फिरणारच. ती विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिक या ब्रिटिश व्यावसायिकाला २०१३ साली १० वर्षांची शिक्षा झाली. तो लबाड होता. पण नाक्यावरचा सैनिक लबाड नव्हता. त्याच्या हातात अँटेना खरोखर वळत होती आणि स्फोटकांनी भरलेली वाहने पुढे जात होती.

आता पुन्हा शेतात जाऊ. मॅकॉर्मिकच्या अँटेनेची आणि पाणाड्याच्या तांब्याच्या सळ्यांची घडण एकच आहे. ताणून धरलेली फांदी ही तर दाबलेली कमानच असते आणि मनगट थोडे वळले की ती झटक्याने फिरते, इतक्या जोराने की हाताची साल निघावी. तळहातावरचा नारळही अशाच अस्थिर तोलात असतो. यातील प्रत्येक साधन सूक्ष्म हालचाल मोठी करून दाखवते. म्हणूनच ती शतकानुशतके टिकली असावीत. १५५६ साली छापलेल्या खाणकामावरील ग्रंथात अग्रिकोला या जर्मन विद्वानाने फांदी घेऊन धातू शोधणाऱ्यांचे वर्णन केले आहे आणि शहाण्या खाणकामगाराला तिची गरज नाही, असा सल्लाही दिला आहे.

‘पण पाणी तर लागते!’ हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला थट्टेने उत्तर देऊ नये. महाराष्ट्राचा फार मोठा भाग बेसॉल्टच्या थरांचा आहे. पाणी झिजलेल्या मुरमात, मऊ मांजऱ्या खडकात आणि कठीण काळ्या पाषाणाच्या भेगांत साठते. लोकांच्या मनातले जमिनीखालचे वाहते झरे आणि त्यांचे संगम फारसे नसतात. बऱ्याच जागी पाणी ओल्या स्पंजासारखे पसरलेले असते, त्यामुळे अनेक ठिकाणी कोठेही खणले तरी थोडेफार लागतेच. जेथे लागत नाही तेथे ‘बोअर वाकडी गेली’ किंवा ‘झरा दोन हात सरकला’ असे म्हटले जाते. पाणी लागलेल्या विहिरीची कथा गावभर फिरते, कोरड्या बोअरची कथा कर्जाच्या वहीत राहते.

तरीही अनुभवी पाणाड्या नवख्यापेक्षा बरा असू शकतो, असे मला वाटते. त्याने आयुष्यभर जमीन पाहिलेली असते. उंबर कोठे वाढतो, वारूळ कोठे असते, ओढा पूर्वी कोठून वाहत होता, उन्हाळ्यात कोणता तुकडा हिरवा राहतो, हे त्याच्या नजरेत मुरलेले असते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा अध्याय आहे आणि त्यात झाडे, वारुळे, माती व खडक यांवरून पाणी किती खोल असेल हे सांगण्याचे अनेक ठोकताळे आहेत. असे ज्ञान शब्दांत न येता हातात उतरू शकते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांना हो-नाही प्रकारचे प्रश्न विचारले. ज्या प्रश्नांवर ते नुसता अंदाज करीत आहेत असे सांगत, त्यांत तोंडी उत्तरे निम्मीच बरोबर येत. प्लँचेटसारख्या पाटीवर, डोळे बांधून आणि सोबत कोणी तरी हात ठेवला आहे या समजुतीने दिलेली उत्तरे मात्र सुमारे ६५ टक्के बरोबर आली. विसरलेले काही तरी हात सांगू शकतो. पण ते डोक्यात आधी गेलेले असावे लागते. जमिनीखालून थेट मनगटात काही येत नाही.

याचीही परीक्षा झाली आहे. म्युनिकजवळच्या एका कोठारात १९८७-८८ साली सुमारे ५०० पाणाड्यांतून निवडलेल्या ४३ जणांच्या ८४३ चाचण्या घेतल्या गेल्या. खालच्या मजल्यावर पाण्याची नळी १० मीटरच्या रेषेत कोठेही सरकवून ठेवत आणि वरच्या मजल्यावर चालणाऱ्याने जागा सांगायची. संशोधकांनी काही जणांत खरे कौशल्य असल्याचे जाहीर केले. जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा एका फेरीत चमकलेला माणूस दुसऱ्या फेरीत सामान्य ठरत असल्याचे दिसले. दर वेळी डोळे मिटून ‘मधोमध’ असे सांगणाऱ्यापेक्षा सर्वांत यशस्वी पाणाडे सरासरी ४ मिलिमीटरने सरस होते. १० मीटरमध्ये ४ मिलिमीटर. त्या कोठारात उंबर नव्हता, वारूळ नव्हते, उताराची जमीन नव्हती.

ज्यांना पाणाड्याला बोलावल्याशिवाय चैन पडणार नाही, त्यांनी बोलवावे. बोअरच्या खर्चापुढे त्याचे मानधन किरकोळ असते आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा एखाद्या भूवैज्ञानिकाच्या पाहणीसोबत त्याची नजर उपयोगी पडली तर उत्तमच. फक्त खणण्यापूर्वी एक करून पाहावे. नारळ जेथे उभा राहिला त्या जागी जमिनीत खिळा ठोकून तो मातीने झाकावा. मग पाणाड्याचे डोळे बांधून त्याला दोन-चार वेळा गोल फिरवावे आणि खिळ्याची जागा ठाऊक नसलेल्या माणसाने त्याचा हात धरून त्याला तेच शेत पुन्हा चालवावे. नारळ पुन्हा उभा राहील, याबद्दल शंका नको. तो खिळ्यापासून किती फुटांवर उभा राहिला, ते टेपने मोजावे.